आवडता पेन घरात टिकवायचा कसा

पेन उचलणाऱ्याकडे एकदा नीट बघा. मोबाइल खांद्याने कानाशी दाबलेला, पलीकडून कोणीतरी नंबर सांगायला सुरुवात केलेली, आणि मोकळा हात टेबलावर, फ्रिजवर, टीव्हीखाली चाचपडतोय. त्या हाताला जो पहिला पेन लागेल तो उचलला जातो. नंबर लिहून होतो, बोलणं काही संपत नाही, आणि बोलता बोलता पेन शर्टाच्या खिशात जातो. संध्याकाळी विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘माका काय म्हायत!’ ते खोटंही नसतं. घेतल्याचं त्याला खरंच आठवत नसतं.

या माणसाकडे एक हात मोकळा असतो आणि जेमतेम दहा सेकंद. तेवढ्यात त्याला साधा पेन सापडला पाहिजे आणि तुमचा आवडता पेन सापडता कामा नये. पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच. ओरडणं, रुसणं, पेनवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवणं यातलं काहीच त्या दहा सेकंदांत कामाला येत नाही. चिठ्ठीने तर उलट होतं, मुलं मुद्दाम उघडून बघतात की एवढं काय आहे त्यात.

आधी आठवडाभर नोंद

काहीही विकत आणायच्या आधी सात दिवस फक्त बघायचं. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावा आणि पेन जागेवर नसला की तीन गोष्टी लिहा: कोणाकडे सापडला, कशासाठी नेला होता, कुठे सापडला. ‘कुठे सापडला’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण लिहायची गरज नेमकी कुठे पडते ते त्यातूनच कळतं.

कोकणातल्या घरात हा कागद साधारण असा भरतो. ओटीवर: कुरिअरची सही, बागेतल्या गड्यांच्या हजेऱ्या, गावकीच्या वर्गणीची पावती. स्वयंपाकघरात: वाणसामानाची यादी. कॅलेंडरपाशी: दुधाचे खाडे आणि गॅस लावल्याची तारीख. देवघरात: आजीची जपाची वही. शिवाय स्कूटरच्या डिकीत एक, कारण बँकेत किंवा तलाठ्याकडे गेल्यावर तिथला दोरीला बांधलेला पेन कधीच चालत नाही.

आठवड्यानंतर कागद वाचला की नेणारे तीन जातींचे निघतात. पहिला गरजू: जवळ दुसरा पेन नव्हता म्हणून नेला. दुसरा विसराळू: हातात जे असेल ते खिशात घालायची सवय. तिसरा चोखंदळ: समोर पाच पेन असले तरी बरोब्बर तुमचाच उचलणार. गरजूसाठी पेन वाढवावे लागतात, विसराळूसाठी पेन बांधून ठेवावा लागतो, आणि चोखंदळाला त्याचा स्वतःचा पेन द्यावा लागतो. तिघांना एकच उपाय लावला की फसतो. बहुतेक घरांत नेमकं हेच होतं: डझनभर स्वस्त पेन आणले जातात, आणि तरी आठवड्याने चांगलाच पेन गायब असतो, कारण नेणारा चोखंदळ असतो.

साधे पेन किती आणि कुठले

लिहिण्याच्या जागा मोजा, दुप्पट करा आणि वर चार धरा. सहा जागा असतील तर सोळा पेन. पाच ते दहा रुपयांचे, टोपणाचे, साधे बॉलपेन. सगळे एकाच कंपनीचे आणि एकाच निळ्या रंगाचे. एकसारखे असले की कुठलं टोपण कुठल्याही पेनाला बसतं, एकाची रिफिल दुसऱ्यात जाते, आणि कोणाचाही एखाद्यावर विशेष जीव जडत नाही. वेगवेगळे घेतलेत तर पंधरा दिवसांत त्यातल्याही एखाद्याला ‘हा माझा’ असं नाव पडतं आणि भांडण नव्याने सुरू होतं.

जेल पेन या कामाला घेऊ नका. त्याची शाई पाण्यावर बनलेली असते, टोपण उघडं राहिलं की टोक सुकतं. आणि पावसाळ्यात कागद ओल धरतो तेव्हा अक्षर पसरतं. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट असते, चार दिवस उघडा राहिला तरी चालतो. खटका दाबायचा पेनही नको. तो एका हाताने उघडतो आणि त्याला टोपण नसतं, त्यामुळे खिशात जायला सगळ्यात सोपा. शिवाय समुद्राजवळच्या घरात आतली स्प्रिंग गंजते आणि खटका वर यायचं थांबतो.

जागा लावणे

ओटीवरच्या पेनसाठी उभा डबा भिंतीला पक्का केलेला हवा. टेबलावर ठेवलेला पेनस्टँड पेनसकट फिरतो, मुलं अभ्यासाला घेऊन जातात. बांबूचं जुनं, पूर्ण वाळलेलं पेर यासाठी उत्तम. खालची गाठ तशीच ठेवून वर साधारण १० सेंमी उंची राहील असं कापा. बॉलपेन १४–१५ सेंमी लांब असतो, त्याचा दोन तृतीयांश भाग आत गेला की तो कलंडत नाही. आतली रुंदी ३ सेंमी पुरे, त्यात चार पेन राहतात. जास्त रुंद घेतलं की त्यात कात्री, बाम, रिमोटचे सेल आणि शेवटी मेणबत्ती येऊन बसते. गाठीला ५ मिमीची दोन भोकं पाडा, म्हणजे धूळ आणि ओल खाली निघते. करवंटीचा स्टँड दिसायला छान असतो, पण उथळ. पेन आडवे पडतात आणि करवंटीच घरंगळते. ओला बांबू वापरलात तर पोरकिडा लागतो आणि खाली पिठासारखा भुसा पडायला लागतो.

हा डबा लावायचा कशावर, इथे बरेच जण फसतात. चिऱ्याच्या भिंतीत साधा खिळा ठोकला तर जांभा भुगा होऊन सुटतो आणि आठ दिवसांत खिळा हातात येतो. एक तर ८ मिमीचं भोक पाडून प्लास्टिकचा प्लग घाला आणि ५० मिमीचा स्क्रू पिळा, नाहीतर सरळ दाराच्या लाकडी चौकटीवर दोन लहान स्क्रूंनी डबा लावा. चौकट बरी. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर राहते आणि पावसाची झड तिथवर पोचत नाही. पडवीच्या बाहेरच्या खांबाला मात्र लावू नका, जूनच्या पहिल्याच वाऱ्यात पेरात पाणी भरतं.

पेन टोक खाली करूनच ठेवायचे. उलटे ठेवले की शाई टोकापासून मागे सरते, आणि कुरिअरवाला पावती धरून उभा असताना ओटीवर कागद खरडत बसावं लागतं.

कॅलेंडरची गोष्ट निराळी. कोकणातल्या बहुतेक घरांत भिंतीवर कालनिर्णय असतं (१९७३ पासूनचं, आणि काढणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे, त्यामुळे इकडे त्याच्याविषयी जरा घरचा अभिमानही आहे). त्यावर दुधाचा हिशेब लिहिताना पेन आडवा धरावा लागतो. बॉलपेनची शाई टोकाकडे उतरते ती खाली ओढ असते म्हणून. आडवा किंवा वर टोक करून धरला की टोकातल्या गोळीला शाई मिळत नाही, मागून हवा शिरते, आणि दोन आकडे लिहून पेन बंद. मग माणूस म्हणतो ‘हा पेन चालत नाही’, तो तिथेच टाकतो आणि तुमचा पेन आणायला निघतो. चांगले पेन हरवण्याच्या सुरुवातीला पुष्कळदा हे भिंतीवरचं कॅलेंडरच असतं.

तिथे पेन्सिल लावा. पेन्सिलीला ओढीशी, ओलीशी, तेलाशी काही देणंघेणं नाही. २बी घ्या, हलक्या दाबाने उठते. तिच्या मागच्या टोकापासून १ सेंमीवर धारदार चाकूने चहूबाजूंनी जेमतेम १ मिमी खोल खाच पाडा. शिशापर्यंत गेलात तर पेन्सिल तिथेच मोडते. त्या खाचेत दोरी बांधायची.

दोरी कसली? सुतळी ओल खाऊन काळी पडते, सुती दोरा महिन्याभरात तुटतो. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी तंगूस (गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा) घ्या, ०.७ ते ०.८ मिमी जाडीची. तिच्यात एकच खोड आहे, साधी गाठ सरकते. म्हणून गाठ अशी मारा: तंगूस खाचेभोवती दोनदा गुंडाळा, मोकळं टोक मुख्य दोरीभोवती पाच वेढे द्या, मग ते टोक पेन्सिलीला लागून राहिलेल्या पहिल्या फटीतून ओवा. ओढायच्या आधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडी ओढली की घासून गरम होते आणि तिथेच कमजोर पडते. मासे धरणाऱ्या कोणालाही विचारा. उरलेलं टोक ३ मिमी ठेवून काडीच्या आचेने जरासं वितळवा म्हणजे बोंड होतं आणि गाठ निसटत नाही.

दुसरं टोक कॅलेंडरच्याच खिळ्याला. लांबी ७० सेंमीच्या आसपास ठेवा. खालच्या ओळीतल्या शेवटच्या चौकोनापर्यंत पेन्सिल सैलपणे पोचली पाहिजे, पण शेजारच्या गॅसच्या शेगडीपर्यंत पोचता कामा नये. तंगूस आच लागताच वितळते. कॅलेंडरच्या मागे जाड पुठ्ठा अडकवा, नाहीतर कागद दबतो आणि पेन्सिल आरपार जाते.

स्वयंपाकघरातही पेन्सिलच बरी. खोबरेल लागलेल्या किंवा मासे साफ करून पुसलेल्या हाताने कागद धरला की त्यावर तेलाचा हलका थर बसतो आणि बॉलपेनची गोळी त्यावर फिरायच्या ऐवजी घसरते. ती गोळी एकदा तेलाने माखली की पुढे कोऱ्या कागदावरही अडखळते. असा पेन टाकून देऊ नका, चपलेच्या रबरी तळव्यावर दहा-बारा वेळा गोल फिरवला की बहुतेक वेळा सुरू होतो. काडीने टोक तापवायचा जुना उपाय करू नका, प्लास्टिक वाकतं आणि शाई गळायला लागते.

देवघरात आणि स्कूटरच्या डिकीत विशेष काही लागत नाही, प्रत्येकी दोन साधे पेन टाका. डिकीतले प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मेच्या उन्हात गाडी उभी राहिली की बॉलपेन पाझरतो.

चांगला पेन हाताबाहेर नेणे

साधे पेन महिनाभर जागेवर टिकले की मग आवडत्या पेनाकडे वळायचं. हा क्रम उलटा केला तर फसगत ठरलेली: घरात दुसरा पेन नसताना तुमचा लपवलात तर लोक तो शोधून काढतात, आणि एकदा लपवायची जागा कळली की संपलं.

नवा पेन घ्यायचा असेल तर आट्यांचं टोपण असलेला घ्या. दीड-दोन फेरे फिरवून उघडणाऱ्या टोपणाला दोन हात लागतात. फोनवर बोलणारा तो उचलतो, एका हाताने ओढून बघतो आणि खाली ठेवतो. शाईपेन असेल तर आणखी एक कुंपण मिळतं, कारण शाईपेनाला घरातले बहुतेक जण बिचकतात. पण त्यात धोका असा की न बिचकणारा एखादा निघाला तर तो बॉलपेनसारखा दाबून लिहितो, निबेच्या दोन फाका विस्फारतात आणि अक्षर मधोमध कोरं उमटायला लागतं. म्हणून शाईपेनावर भिस्त ठेवायची तर घरातल्या प्रत्येकाला एकदा स्वतः देऊन, ‘दाबू नको, नुसता टेकव’ असं दाखवून द्या.

शाईचा रंग हे सगळ्यात स्वस्त कुलूप आहे. जांभळी, तपकिरी किंवा गडद हिरवी शाई भरा. दहावी-बारावीच्या पेपरात निळी किंवा काळीच शाई लागते, बँकेतल्या आणि सरकारी फॉर्मवरही लोक दुसरा रंग लावायला धजावत नाहीत. तेव्हा अभ्यासवाली मुलं आणि कागदपत्रांची कामं करणारी मोठी माणसं, दोन्ही पार्ट्या आपोआप दूर राहतात. लाल घेऊ नका. घरात कोणी शिक्षक असेल तर पेन वह्या तपासायला जाईल आणि गठ्ठ्यासोबत शाळेतच राहील.

रिफिलचा महागडा पेन असेल तर एक युक्ती लोक सुचवतात, संपलेली रिफिल घालून ठेवायची. पंधरा दिवस बरी चालते. मग कोणीतरी ‘हा बिघडलाय’ म्हणून केराच्या टोपलीत टाकतो. त्यापेक्षा रिफिल पूर्ण काढून घ्या आणि आपल्या पाकिटात ठेवा. टोकच बाहेर आलं नाही की माणूस पेन उघडून बघतो, आत काही नाही हे त्याला कळतं आणि तो परत ठेवतो.

ठेवायला डबा असा हवा की उघडायला दोन्ही हात लागतील. खांद्याच्या वर, आणि पुढे दुसरी काहीतरी वस्तू असेल अशा जागी. सावंतवाडीला गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) ठेवायची रंगवलेली लाकडी पेटी असते, वर सरकतं झाकण. त्याच धाटणीची १८ सेंमी लांब पेटी बनवून घेतली तर चार पेन मावतात. एका हाताने झाकण सरकवायला गेलं की अख्खी पेटीच पुढे येते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा चालतो, पण दोन पावसाळ्यांत कडा गंजतात आणि तो गंज पेनाच्या क्लिपला लागतो. कुलपाच्या खणाचा मोह टाळा. जुलैत लाकूड फुगतं आणि खण उघडत नाही, ऑगस्टात किल्ली हरवते, मग गणपतीत सुतार मिळत नाही.

लपवण्याविषयी एवढंच की तांदळाच्या डब्यात, देवाच्या फोटोमागे वगैरे ठेवलेला पेन घरच्यांना सापडत नाही हे खरं, पण तो तुम्हालाही सापडत नाही.

खूण करणे

पेनवर आडनाव कोरून घेणारे लोक आहेत. घरात सगळ्यांचं आडनाव तेच असतं. कोरायचंच तर पहिलं नाव कोरा.

पारदर्शक नळीच्या पेनाला आतली चिठ्ठी उत्तम. ८ मिमी रुंद आणि ४० मिमी लांब कागदाची पट्टी कापा, तिच्यावर पेन्सिलीने नाव लिहा (पेनने लिहिलेलं आत शाई लागली की पसरतं), रिफिलभोवती गुंडाळा आणि नळीत सरकवा. बाहेरून घासली जात नाही, पाण्याने जात नाही. नळीतच शाई भरायच्या पेनाला अर्थातच हे चालणार नाही.

बाहेरून खूण करायची तर नेलपॉलिशचा ठिपका, टोपणावर एक आणि नळीवर एक, दोन्ही एकाच रेषेत. पहिला हात वाळायला दहा मिनिटं द्या, मग दुसरा. काही प्लास्टिकवर नेलपॉलिश पृष्ठभाग जरासा खातं, त्यामुळे आधी क्लिपच्या मागे न दिसेल तिथे लावून बघा. आणि चुकलं तर रिमूव्हरने पुसू नका, चकाकी जाऊन तिथे पांढरट डाग कायमचा राहतो.

पकडीच्या जागी रंगीत दोरा गुंडाळला की पेन लांबून ओळखू येतो. वीसेक वेढे पुरतात. चिकटवायला फेव्हिकॉल घेतलात तर पावसाळ्यात तो ओल धरून मऊ पडतो आणि दोरा सरकायला लागतो. दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद घ्या, टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच. चिकटपट्टीचा विचारही करू नका. उकाड्यात तिचा गोंद कडेने बाहेर येतो, त्याला धूळ बसते, आणि नळीवरचं हवेचं बारीक भोक तिच्याखाली आलं तर आत हवा जायची वाट बंद होऊन शाईही उतरायची थांबते.

उसना देताना

मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, विशेषतः वडीलधारी असतील तर. पेन द्या, टोपण आपल्या मुठीत ठेवा. उघडा पेन कोणीही पांढऱ्या शर्टाच्या खिशात घालत नाही, तो परत येतोच. टोपण देऊन बसलात की पेनाची आशा सोडायची. ज्या पेनाला टोपणच नाही तो उसना देऊ नये, ‘थांब, देतो’ म्हणून साधा पेन आणून द्यावा.

घरात लहान मूल असेल तर मोकळी टोपणं इकडेतिकडे टाकू नका. आणि टोपणाच्या टोकाला भोक असेल तर ते मेणाने वगैरे बुजवू नका. टोपण घशात अडकलं तरी श्वासाला वाट राहावी म्हणून ते ठेवलेलं असतं.

आजोबा तुमचाच पेन का नेतात याचं कारण बहुतेकदा बोटांत असतं. सांधे दुखणाऱ्या हाताला बॉलपेन दाबून लिहिणं जड जातं, तुमचा जाड नळीचा, न दाबता वाहणारा पेन सोपा पडतो. त्यांना रागावून उपयोग नाही आणि ते शोभणारही नाही. तसाच एक पेन, टोक ०.७ किंवा १ मिमीचं, नळीचा रंग वेगळा, त्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवून द्या. शब्दकोड्याची पुरवणी आणि चष्मा जिथे जातात तिथेच पेनही राहतो. चोखंदळ जातीच्या प्रत्येकाला हाच उपाय: डिट्टो तसाच पेन, दुसऱ्या रंगात, वाढदिवसाची वाट न बघता. तीनशे रुपये जातील, पण तुमचा पेन वाचेल.

मुलांचं वेगळं. शाळेत पेनांची अदलाबदल चालते, त्यामुळे घरातून गेलेला चांगला पेन संध्याकाळी भलत्याच स्वस्त पेनाच्या रूपात परत येतो. परीक्षेआधी जानेवारीतच पारदर्शक पाऊचमध्ये त्यांचे स्वतःचे तीन एकसारखे पेन भरून द्या आणि एक महिना त्याच पेनांनी सराव करू द्या. हात बसलेला पेन असला की पेपरच्या सकाळी तुमच्या डब्याकडे कोणी येत नाही.

आंबे आणि गणपती

वर्षातून दोनदा सगळी व्यवस्था मोडते. एप्रिल-मेत आंब्याच्या पेट्यांवर नाव-गाव घालायचं असतं आणि खरखरीत लाकडावर, पेंढ्याच्या भुशात, कोणीतरी तुमची निब घासतो. मार्चअखेर दोन जाड, काळे, न पुसले जाणारे मार्कर आणून पेट्यांच्या खिळ्या-हातोडीसोबतच दोरीने बांधून ठेवा. मार्कर आडवा ठेवायचा; टोक वर करून ठेवला की शाई मागे जाते आणि टोक कोरडं पडतं.

गणपतीचं संकट मोठं. चाकरमानी येतात, घरात पाचाची पंधरा माणसं होतात, आणि प्रत्येकाला काहीतरी लिहायचं असतं: बाजाराची यादी, भजनाच्या बाऱ्या, परतीच्या तिकिटाचा नंबर. चतुर्थीच्या दोन दिवस आधी चांगले पेन पेटीत, पेटी माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या खणात. बाहेर आठ-दहा साधे पेन जास्तीचे सोडा आणि ते परत येतील अशी अपेक्षा ठेवू नका. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली तेव्हापासून कोकणकन्येने मुंबईला गेलेला पेन परत आल्याचं ऐकिवात नाही. पाहुण्याने खास तुमचाच पेन मागितला तर त्यात हिरवी शाई आहे असं सांगा, आणि ती खरंच असू द्या.

पेटीतल्या पेनाची काळजी

पेन माणसांपासून वाचवला आणि ओलीने खाल्ला, असं व्हायला नको. जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेलची पुडी टाका, चार पेनांच्या पेटीला दोन चमचे दाणे पुष्कळ झाले. नारिंगी दाणे घ्या, ओल प्यायले की हिरवट होतात. मग जुन्या, स्वयंपाकाला न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर हलवत पंधरा-वीस मिनिटं तापवले की पुन्हा नारिंगी होतात. उन्हात वाळवून काम होत नाही, तेवढी उष्णता पुरत नाही. मात्र शाई भरलेला शाईपेन या पेटीत ठेवू नका, सिलिका त्याच्या निबेतलीही ओल ओढते आणि शाई घट्ट होऊन बसते. आधी साध्या पाण्याने धुवून, रिकामा करून, दोन दिवस वाळवून मग ठेवा.

एबोनाइटचा (कडक केलेल्या रबराचा) जुना पेन असेल तर त्याला उजेड आणि पाणी दोन्ही सोसत नाही, काळा रंग हळूहळू हिरवट-तपकिरी पडतो. पाण्यात भिजत ठेवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडा करायचा. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलं की शाई गळत नाही. नळीत शाई भरायच्या अशा पेनाची एक गंमत आहे. शाई एक तृतीयांशाच्या खाली आली की हाताच्या किंवा छातीच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब पडतो. विसराळू माणसाने तो खिशात घातला की शर्टावर निशाणी उमटते. डाग साबणाआधी थंड पाण्यात धरायला सांगा. बॉलपेनचा असता तर खाली जुनं फडकं ठेवून वरून सॅनिटायझर टाकावं लागलं असतं.

शाईच्या बाटलीत पावसाळ्यात तरंगणारे धागे किंवा वर साय दिसली तर ती बुरशी आहे. बाटली ओतून टाका, गाळून वापरू नका, आणि त्या शाईतून भरलेला पेन दोन-तीनदा धुवा.

रविवारची फेरी

आठवड्यातून एकदा पाच मिनिटं घरभर फिरा. आधी खुंटीवरचे शर्ट आणि धुवायचे कपडे, कारण तिथला पेन मशीनमध्ये गेला तर अख्ख्या धुण्याची वाट. मग गाडीची डिकी, उशीखाली, कंपासपेटी, रद्दीतल्या शब्दकोड्याच्या पानात, कॅलेंडरच्या मागे, आणि मीटरच्या पेटीवर. वायरमन किंवा नळवाला येऊन गेला असेल तर त्याला फोन करायच्या आधी त्याने जिथे चहा घेतला तिथला कठडा बघा.

सापडलेले पेन गोळा करून आपापल्या जागी टाका. सोळापैकी बारा मिळाले तर व्यवस्था चालली आहे असं समजा. दहाच्या खाली आले तर पहिल्या आठवड्यातला तो कागद पुन्हा काढा. घरात लिहायची एखादी नवी जागा तयार झालेली असते, बहुधा मोबाइल चार्ज करायच्या बोर्डाशेजारी, आणि तिथे अजून कोणी पेन टांगलेला नसतो.